कुत्रा वारंवार ओकतोय आणि कारण कळत नाही, तेव्हा काय काय तपासायचं

कुत्रं कधीतरी ओकणारच. गवत खाल्लं, उकिरडा चिवडला, भाकरी घाईत गिळली, की एकदा ओकून ते शेपूट हलवत परत येतं. त्यासाठी दवाखाना गाठायची गरज नसते. अडचण वेगळ्या प्रकारच्या कुत्र्याची असते: दोन दिवस ओकतो, एक दिवस बरा जातो, इंजेक्शन दिलं की थांबतं, आठवड्याने पुन्हा तेच. इंजेक्शनने उलटी थांबते, आतड्यात अडकलेली आंब्याची कोय मात्र तिथेच राहते. असं कारण शोधायचं बरंचसं काम दवाखान्यात नव्हे, घरी, गोठ्यात आणि शेतात होतं. डॉक्टरांच्या टेबलावर कुत्रा पाच-दहा मिनिटंच असतो, तुमच्यासमोर तो दिवसभर असतो.

आधी हे बघा: शोध नंतर, दवाखाना लगेच

पोट नगाऱ्यासारखं फुगलंय आणि कुत्रा ओ-ओ करतोय पण बाहेर फक्त लाळ किंवा फेस येतोय, तर एक मिनिटही थांबू नका. जर्मन शेफर्ड, लॅब्राडॉर, डॉबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडतो. त्यावर ऑपरेशन हाच इलाज आहे आणि ते काही तासांत व्हावं लागतं.

अंग थरथरणं, झटके, तोंडातून लाळेच्या तारा, उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट भुगा, पांढऱ्याफटक किंवा पिवळ्या हिरड्या, पाणीही पोटात न टिकणं, यातलं काहीही दिसलं तरी निघा. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू ओकतंय आणि मलूल पडलंय तर पार्वो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) धरून चाला. आधी ओकाऱ्या, मग घाण वासाची रक्ताळ हगवण, हा त्याचा नेहमीचा क्रम. विष्ठेवर करायची झटपट किट-चाचणी काही मिनिटांत निकाल देते. नसबंदी न केलेली मादी माजावर येऊन महिना-दोन महिने झालेत, पाणी खूप पितेय आणि ओकतेय, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. शेपटीखाली स्राव दिसला नाही म्हणून ही शंका सोडू नका, कारण गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर पू बाहेर येतच नाही.

एक इशारा सगळ्यांच्या आधी वाचावा असा. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, घशात हाड अडकल्यासारखं वाटतंय, वागणं बदललंय: अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. रेबीजची सुरुवात अशीही दिसते. आणि हात घालून झालाच असेल, तर साबणाने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लसीबद्दल विचारा.

खरंच ओकारी आहे का?

हा प्रश्न बावळट वाटतो, पण सगळी दिशा इथे ठरते. खऱ्या उलटीआधी कुत्रा अस्वस्थ होतो, ओठ चाटतो, लाळ गिळतो, मग पोटाचे स्नायू जोरात आकसतात आणि माल बाहेर पडतो. त्यात अर्धवट पचलेलं अन्न किंवा पिवळं पित्त असतं. दुसरा प्रकार असा: मान खाली घातली आणि अन्न नुसतं सांडलं. पोट आकसलं नाही, पित्त नाही, भाकरीचे तुकडे तसेच, कधी नळीच्या आकारात, लाळेने माखलेले. हे अन्न पोटात पोचलेलंच नसतं. दोष अन्ननलिकेत असतो आणि पोटाच्या औषधांनी तो बरा होत नाही.

गावाकडच्या मोकळ्या कुत्र्यांत अन्ननलिकेच्या दोषाचं एक कारण शहरी पुस्तकी यादीत खाली असतं, ते इथे वर घ्यावं: स्पायरोसर्का नावाचा जंत. त्याची अळी शेणकिड्यात असते. कुत्रा शेणकिडा खातो, किंवा शेणकिडा खाल्लेली पाल, उंदीर, कोंबडी खातो आणि जंत अन्ननलिकेच्या भिंतीत गाठी करतो. गोठ्याजवळ राहणारा मोठ्या वयाचा कुत्रा खाल्लेलं लगेच बाहेर टाकतोय आणि वाळतोय, तर डॉक्टरांना या जंताचं नाव घेऊन विचारा. विष्ठेत याची अंडी दर वेळी सापडत नाहीत. छातीचा एक्स-रे आणि शक्य असेल तर दुर्बीण, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत बघणं, लागते.

तिसरा घोटाळा खोकल्याचा. कोरडा खोकला येऊन शेवटी पांढरा फेस पडतो आणि घरचे म्हणतात ओकला. ते पोटाचं दुखणं नाहीच. तिन्हींतला फरक शब्दांत सांगण्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ काढा, सुरुवातीच्या अस्वस्थपणापासून.

वही ठेवा

शाळेची वही पुरते. प्रत्येक वेळी एवढं लिहा: वेळ, शेवटचं जेवण कधी आणि काय, बाहेर काय आणि किती पडलं, रंग, वास, आधी पोट आकसलं का, शी कशी झाली, पाणी किती प्यायला. उदाहरणार्थ: «पहाटे ५:१०. शेवटचं जेवण रात्री ८, भाकरी-दूध. पिवळा फेस, दोन चमचे, अन्न नाही. आधी ओठ चाटले. शी घट्ट.» उलटीचा फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. संशयास्पद काही दिसलं तर हातमोजे किंवा हातावर चढवलेली प्लास्टिकची पिशवी वापरून झाकणाच्या डबीत घ्या.

आठवडाभराच्या नोंदींतून बरंच कळतं. फक्त पहाटे, रिकाम्या पोटी, पिवळा फेस, बाकी कुत्रा ठणठणीत: हे रात्रभर उपाशी पोटात पित्त उलटं चढल्याचं लक्षण. रात्री झोपायच्या आधी थोडं खायला द्या. चार-पाच दिवसांत पहाटेची ओकारी थांबली तर कारण बहुधा सापडलं. जेवण होऊन आठ-दहा तास उलटले तरी उलटीत न पचलेलं अन्न येतंय, तर पोट पुढे रिकामं होत नाहीये, म्हणजे वाटेत काहीतरी अडलंय किंवा पोटाची हालचाल मंदावलीय. उलटीला विष्ठेचा वास येणं हे आतडं बंद झाल्याचं चिन्ह मानावं. ओकारी आणि पातळ शी दोन्ही असेल तर पोट-आतड्याचा आजार. शी नेहमीसारखी, भूक कमी, पाणी आणि लघवी जास्त, तर किडनी, यकृत, साखर यांच्याकडे बघा.

काय खाल्लं? खानदेशात हे महिन्यानुसार बदलतं

घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. आजी गुपचूप पोळी टाकते, पोरं बिस्किटं देतात, सालदार शेतात आपल्या डब्यातलं देतो. ‘काही नाही दिलं’ हे सगळ्यांसमोर मिळणारं उत्तर असतं.

आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पाऊस पडेपर्यंत आमरसाचा हंगाम. कोय गुळगुळीत, गोड आणि गिळायला सोपी, पण मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या लहान आतड्यात ती हमखास अडकते. पोटात ती कित्येक दिवस इकडेतिकडे फिरत राहते, म्हणून ओकारी अधूनमधून होते आणि लोक फसतात. मका खुडणीच्या दिवसांत दाणे काढलेलं कणीस हेच करतं. शेतात राहणारी कुत्री ठिबकच्या नळ्या चावतात. केळीच्या बागेत घडांवरच्या पिशव्या आणि सुतळी गिळतात. गोणीची सुतळी जास्त वाईट: एक टोक पोटात अडकतं, बाकी दोरा आतड्याला चुण्या पाडत कापत जातो. दोरा मागून किंवा तोंडातून लोंबताना दिसला तर ओढू नका.

जून ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालू असते. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारख्या औषधांच्या विषबाधेत ओकारीबरोबर लाळ, डोळ्यांतून पाणी, हगवण, लघवी सुटणं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं, स्नायू फडफडणं दिसतं. कुत्र्याने पंप धुतलेलं पाणी प्यायलं, रिकामा डबा चाटला, किंवा फवारलेल्या पट्ट्यातून फिरून पाय चाटले, एवढंही पुरतं. अंगावर औषध उडालं असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवा, आणि डब्याच्या लेबलचा फोटो काढून न्या. त्यावर औषधाचं नाव, रंगीत त्रिकोण आणि उतारा छापलेला असतो. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल. अॅट्रोपिन (अशा विषावरचं उताऱ्याचं इंजेक्शन) द्यायचं की नाही हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात, ‘कसलं तरी फवारलं होतं’ या माहितीवरून नाही.

उंदरांसाठी पिठाच्या गोळ्यांत कालवलेली काळी-करडी पूड म्हणजे बहुधा झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी मिळून त्याचा फॉस्फिन वायू होतो. अन्न पोटात गेलं की आम्ल वाढतं, म्हणून भाकरी-दूध देऊन ‘विष मारायला’ जाऊ नका. अशा कुत्र्याची उलटी बंद खोलीत किंवा बंद गाडीत झाली तर तो वायू माणसालाही बाधतो, काचा उघड्या ठेवा. उंदराच्या औषधाच्या रंगीत वड्या वेगळ्या. त्यांनी रक्त गोठायचं थांबतं आणि लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात. तोवर वडी खाल्ल्याचं घरात कुणाच्या लक्षातही नसतं.

कांद्या-लसणाबद्दल लोक हसतात, पण शेव-भाजीचा रस्सा, कांद्याची पात घातलेलं भरीत आणि काळा मसाला यांत दोन्ही भरपूर असतात. शिजवल्याने किंवा वाळवल्याने कांद्याचं विष जात नाही. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा रक्तपेशी फोडायला पुरेसा असतो. दहा किलोच्या कुत्र्याला म्हणजे दीडशे ग्रॅमपासून पुढे. रोज थोडा थोडा दिला तरी साचतं. हिरड्या फिकट आणि लघवी गडद होते ती नंतरच्या काही दिवसांत. द्राक्षं आणि बेदाण्यांनी किडनी बसते. चिंचेतही तेच टार्टारिक आम्ल असतं, तीही नको. गोठ्यातली सरकी कुत्र्याने खाऊ नये, तिच्यातलं गॉसिपॉल हृदयाला घातक आहे.

लग्नसराई आणि भंडाऱ्यानंतर ओकणाऱ्या कुत्र्यात स्वादुपिंडाची सूज आठवावी. तुपात बुडवलेली बट्टी, मटणाच्या रस्स्यावरचा तवंग, चरबीचे तुकडे, हे निमित्त होतं. कुत्रा पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवतो आणि मागचा भाग वर ठेवतो, पोटाला हात लावू देत नाही.

आणि औषधं. लंगडतोय म्हणून दिलेली माणसाची आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अॅसिक्लोफेनॅकची गोळी पोटात व्रण करते, किडनीही बिघडवते. अशा गोळ्या दिल्या असतील तर डॉक्टरांना सांगायला लाजू नका. ही एक गोष्ट लपवल्यामुळे चार चाचण्या वाया जातात.

घरी तपासता येईल ते

हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. हिरडी चिकट लागली, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली, तर अंगातलं पाणी कमी झालंय. ताप कपाळावरून कळत नाही. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात इंचभर सरकवा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. १०३.५ च्या वर ताप समजा. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा धापा टाकत ओकणाऱ्या कुत्र्यात १०५ च्या वर आकडा आला तर तो उष्माघात आहे. साधं पाणी अंगावर ओतत, पंखा लावून, मग गाडीत घाला.

कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत गोचीड शोधा. गोचिडांतून येणारे एर्लिचिया आणि बेबेसिया हे आजार आपल्याकडे इतके आहेत की ताप, फिकट हिरड्या, न खाणं आणि ओकारी एकत्र दिसली की रक्ताची काचपट्टी (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली बघितलीच पाहिजे. गोचीड सापडलं नाही म्हणजे आजार नाही असं मात्र होत नाही, ते पोट भरून कधीच गळून पडलेलं असतं. पावसाळ्यात उंदीर फिरतात तिथल्या डबक्याचं पाणी पिणारा कुत्रा पिवळा पडला तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार करा आणि त्याची लघवी उघड्या हातांनी साफ करू नका, तो माणसालाही होतो.

मोठा कुत्रा एक-दोनदा ओकला आहे, बाकी चांगला आहे, विषाची शंका नाही, तर बारा तास अन्न बंद ठेवायला हरकत नाही. पिल्लाला उपाशी ठेवू नका, त्याची साखर झपाट्याने उतरते. पाणी भांडंभर समोर ठेवलं तर तो सगळं पितो आणि सगळं ओकतो. दहा किलोच्या कुत्र्याला दर वीस-तीस मिनिटांनी तीन-चार चमचे द्या. ते टिकलं की साल-हाडं-मसाला नसलेलं उकडलेलं चिकन एक भाग आणि मऊ भात दोन भाग, नेहमीच्या चतुर्थांश मापाने, दिवसातून चार-पाच वेळा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं, तेल, ताक, हळदीचं दूध, यातलं काही करू नका. मिठाने रक्तातलं सोडियम वाढून कुत्रा मेंदूच्या सुजेने मरू शकतो.

दवाखान्यात काय मागायचं, कोणत्या क्रमाने

तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा भर गाई-म्हशींवर असतो, तो त्यांचा दोष नाही. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. गुंतागुंतीच्या कुत्र्यासाठी मात्र एक्स-रे आणि सोनोग्राफी असलेला दवाखाना गाठावा लागतो.

सलाइन लावण्याआधी रक्त आणि लघवी घेतलेली बरी. कारण पाणी कमी झालेल्या कुत्र्याची लघवी दाट असायला हवी. ती पातळ, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०३० च्या खाली असेल, तर किडनीवर संशय घट्ट होतो. सलाइन गेल्यावर लघवी सगळ्यांचीच पातळ होते आणि हा पुरावा हातातून जातो. रक्तात पेशींची मोजणी, काचपट्टी, क्रिएटिनिन, युरिया, यकृताची एन्झाइम्स, साखर, अल्ब्युमिन, कॅल्शियम हवं. सोडियम आणि पोटॅशियम मागून घ्या, ते बरेचदा यादीत नसतं. सोडियमला पोटॅशियमने भागून उत्तर २७ च्या खाली आलं तर अॅडिसनचा आजार तपासायचा: अधिवृक्क ग्रंथी संप्रेरक कमी बनवते, कुत्रा महिनोन्‌महिने बरा-वाईट होत राहतो आणि सलाइनवर दर वेळी चमत्कार झाल्यासारखा उठतो. रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे याच ग्रंथीचं एक संप्रेरक, २ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर हा आजार जवळपास बाद. खाली असेल तर एसीटीएच (या ग्रंथीला चालना देणारं संप्रेरक) देऊन पुन्हा मोजावं लागतं.

माणसांच्या लॅबमध्ये नमुना दिला तर रिपोर्टवरचा ‘नॉर्मल’ रकाना माणसाचा असतो. तो वाचून घाबरू नका, निर्धास्तही होऊ नका. पेशी मोजणारं यंत्र कुत्र्यासाठी लावलेलं नसेल तर प्लेटलेटचा आकडाही चुकतो, म्हणून काचपट्टी डोळ्यांनी बघायला सांगा. ताजी विष्ठा त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवी. एकदा जंत दिसले नाहीत म्हणून सोडून देऊ नये. अंडी रोज पडत नाहीत.

एक्स-रे आडवा आणि उताणा असा दोन्ही बाजूंनी काढा. एकाच बाजूने काढलेल्या फोटोत कोय मणक्यामागे लपते. हाड, दगड, धातू स्पष्ट दिसतात. प्लास्टिक, कापड, ठिबकची नळी, सुतळी दिसत नाहीत, तिथे वायूने फुगलेल्या आतड्याच्या वेटोळ्यांवरून अंदाज बांधतात किंवा सोनोग्राफी करतात. पोट रिकामं असेल तर चित्र स्वच्छ येतं. एक्स-रे ‘क्लिअर’ आला आणि ओकारी चालूच आहे, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायला सांगणं रास्त आहे. अडकलेली वस्तू जागची हलत नाही, वायू मात्र जागा बदलतो.

तीन आठवडे उलटले तरी

रक्त, लघवी, विष्ठा, एक्स-रे, सोनोग्राफी सगळं ठीक आणि कुत्रा वाळत नाहीये, पण ओकणं थांबत नाही. अशा वेळी दुर्बिणीआधी आहाराची चाचणी करावी. स्वस्त आहे, घरी होते, आणि बऱ्याच कुत्र्यांचा प्रश्न इथेच सुटतो. आयुष्यात कधी न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट निवडा. जो कुत्रा चिकन आणि अंड्यावर वाढलाय त्याला चिकन-भाताची चाचणी निरर्थक. त्याला काटे काढलेली उकडलेली मासळी आणि बटाटा द्या. मांस-मासळी नको असेल तर पनीर आणि भात, पण दूध कधीच मिळालं नसेल तरच. तेल, मसाला, मीठ नाही. बिस्किट नाही, चघळायचं हाड नाही, मांसाच्या चवीची जंताची गोळीही या काळात नाही. दोन ते तीन आठवडे असंच. त्याहून जास्त काळ घरगुती दोन पदार्थांवर ठेवायचं तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं डॉक्टरांना विचारून घाला.

चाचणी मोडते ती आजीच्या पोळीने किंवा शेजारच्या उकिरड्याने. मोकळ्या कुत्र्याला हे तीन आठवडे बांधून, फिरवताना साखळीवर ठेवावं लागतं. ते जमणार नसेल तर सुरूच करू नका, निकाल खोटा येतो. ओकारी थांबली तर जुने पदार्थ एकेक करून परत आणा, प्रत्येकाला एक-दोन आठवडे. ज्याच्यावर ओकारी परतली तो पदार्थ कायमचा बंद. तीन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, किंवा मधेच वजन घटू लागलं, तर वही, रिपोर्ट आणि फोटो घेऊन दुर्बीण आणि आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीसाठी नाशिक, पुणे किंवा मुंबईला जावं. फोन करून आधी विचारून घ्या की कुत्र्याची दुर्बीण तिथे होते का आणि किती तास उपाशी आणायचं.